राजपत्रात येईपर्यंत

आमदारांच्या जनसंपर्क कार्यालयात मी टायपिस्ट होते, पण तिथे येणारी माणसं मला ‘लिहिणाऱ्या ताई’ म्हणत. रेशनकार्डावरचं नाव कमी करण्याच्या अर्जापासून थेट मंत्र्यांना द्यायच्या निवेदनापर्यंत जे काही कागदावर उतरायचं, ते माझ्या हातून उतरायचं. मी सव्वीस वर्षांची होते, लग्न झालेलं नव्हतं, आणि आपल्याला मराठी चांगलं लिहिता येतं याची मला जरा घमेंडच होती. ती घमेंड नसती तर आज हे लिहायची वेळ आली नसती.

गोष्ट ऐंशीच्या दशकाच्या शेवटाकडची. ऑफिस मुलुंडला, आग्रा रोडजवळच्या एका गल्लीत, पिठाच्या गिरणीला लागून होतं. गिरणी सुरू झाली की आमची टेबलं थरथरत आणि संध्याकाळपर्यंत टाइपरायटरवर पिठाचा थर बसे. प्रत्येक अधिवेशन संपलं की आमदार आपल्या मतदारांसाठी चार पानी वृत्तांत काढत. सभागृहात कोणते प्रश्न विचारले, कोणते कायदे झाले, त्यातून आपल्या भागाला काय मिळालं, असं सगळं त्यात असे. मी टाइपरायटरवर मेणकागदाची स्टेन्सिल कापायचे. ऑफिस सांभाळणारे काका सायक्लोस्टाइलच्या मशीनचा दांडा फिरवायचे. मग ते गठ्ठे मी घरी न्यायचे, कारण घडी घालायला ऑफिसात माणसं नव्हती आणि आमच्या घरात होती.

आमच्या घरात म्हणजे टेकडीच्या अंगाला असलेल्या चाळीतल्या एका खोलीत. वडील जाऊन दहा वर्षं झाली होती. आई, थोरला भाऊ, वहिनी, त्यांच्या सात आणि चार वर्षांच्या दोन मुली, आणि मी. भाऊ कारखान्यात पाळ्या करायचा. वहिनी माझ्याहून वर्षाने लहान, पण मला ‘वन्सं’ आणि ‘तुम्ही’ म्हणायची. मी तिला ‘तू’ म्हणायचे आणि आमचं चांगलं जमायचं.

त्या वर्षी उन्हाळ्यात वहिनीला चौथा महिना होता.

तेव्हा गर्भजल परीक्षेचं पेव फुटलं होतं. पोटातल्या बाळाभोवतीचं पाणी सुईने काढून तपासायचं. खरं तर बाळाला काही जन्मजात आजार आहे का ते बघण्यासाठीची ही तपासणी, पण आमच्याकडे तिचा उपयोग एकच. मुलगी निघाली तर पाडून टाकायची. भिंतींवर उघड जाहिराती असत. बायकांच्या संघटना मोर्चे काढत होत्या, वर्तमानपत्रांतून भांडणं चालली होती, आणि शेजारच्या चाळीतल्या बायका नळावर, कुठला डॉक्टर चांगला, ते एकमेकींना सांगत होत्या.

आईच्या डोक्यात हे नळावरूनच आलं. भाऊ नेहमीप्रमाणे म्हणाला, “आई म्हणते ना, मग बघू.” माझ्या भावाला स्वतःचं असं मत असलेलं मी एकदाच पाहिलंय, ते क्रिकेटच्या बाबतीत.

वहिनीला ते नको होतं. तिने मला मोरीपाशी कपडे पिळता पिळता सांगितलं, “वन्सं, मला हे हलतंय असं वाटायला लागलंय. मी नाही जाणार.” नंतर लगेच म्हणाली, “पण नाही कसं म्हणायचं ते मला कळत नाही.”

मी तिला धीर दिला, कारण माझ्याकडे धीर देण्यासारखं काहीतरी होतं. एक म्हणजे ह्या परीक्षेविरुद्ध कायदा येत होता. आमदार रोज सभागृहातून आल्यावर सांगत होते. दुसरं म्हणजे आईचा देव. आमची आई कौल घेतल्याशिवाय कुठलीही मोठी गोष्ट करत नसे. गावच्या देवळात गुरव देवीच्या अंगावर पाकळ्या लावतो आणि उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. भावाचं लग्न, वडिलांचं ऑपरेशन, माझं हे नोकरी करणं, सगळं कौलावर ठरलं होतं. आईने जाहीरच करून टाकलं होतं की मे महिन्यात गावाक जाऊया, कौल घेऊया, मगे डॉक्टरकडे. मी मनातल्या मनात महिने मोजले. मे महिना उजाडून, गावाला जाऊन परत येईपर्यंत वहिनीला सहावा लागला असता. मग कुठल्याही डॉक्टरने हात लावला नसता. आणि तोवर कायदाही आला असता. मी वहिनीला म्हटलं, “तू गप्प बस फक्त. काही बोलू नकोस. दिवस जाऊ देत.”

मला वाटत होतं, मी फार हुशारीने सगळं जुळवून आणलंय.

अधिवेशन संपलं आणि आमदार वृत्तांताचा मजकूर सांगायला ऑफिसात आले. साधा माणूस होता. खुर्चीत न बसता माझ्या टेबलाच्या कडेला टेकून सांगायचे. “दुसरं पान अख्खं आरोग्य आणि कुटुंबाला दे,” म्हणाले. प्रसूतिगृहातल्या अपुऱ्या खाटांचा त्यांनी विचारलेला प्रश्न, कुटुंब न्यायालय म्हणजे काय याची चार ओळींत माहिती, आणि मग गर्भजल परीक्षेच्या गैरवापराविरुद्धचा कायदा. त्यावर ते सभागृहात बोलले होते आणि त्याचा त्यांना खरोखर अभिमान होता. असा कायदा देशात आधी कुठेच झाला नव्हता, हे त्यांनी मला दोनदा लिहायला लावलं.

मी विचारलं, “लागू झाला का पण?”

“पास झाला ना.”

“पास झाला म्हणजे लागू नाही झाला, साहेब. सही व्हायची, राजपत्रात यायचा, मग सरकार तारीख ठरवणार.”

काका मशीनपाशी शाई भरत होते. तिथूनच म्हणाले, “कशाला गं घोळ घालतेस? लोकांना काय करायचंय राजपत्र? लिही सरळ, बंदी आली. घाबरतील तरी.”

मी काकांना ऐकवलं की छापील कागदावर आपण खोटं लिहू शकत नाही, उद्या कोणी विचारलं तर साहेबांचीच वाट लागेल. बरीच तावातावाने बोलले. आमदार हसले. “बरोबर आहे तुझं. टाक ती ओळ.”

स्टेन्सिलच्या तळाशी एकच ओळ मावेल एवढी जागा उरली होती. तिथे मी टाइप केलं: ‘सदर कायदा राजपत्रात प्रसिद्ध झाल्यानंतर शासन ठरवील त्या तारखेपासून अमलात येईल.’ एकही चूक न करता. स्टेन्सिलवर चूक झाली तर वर लाल औषध फासून, ते वाळवून पुन्हा अक्षर मारावं लागायचं. मला ते फारसं लागत नसे.

काकांचं ऐकलं असतं तर! इतकी वर्षं झाली, अजून कुठे ‘बंदी’ असा शब्द छापलेला दिसला की मला काका आठवतात.

रविवारी दुपारी जेवणं झाल्यावर आम्ही घडी घालायला बसलो. आमची ठरलेली पद्धत होती. थोरली भाची कागद सरळ करून द्यायची, वहिनी आणि मी घडी घालायचो, आणि आई स्टीलची वाटी पालथी धरून तिच्या काठाने घडीवर दाब द्यायची. आईइतकी कडक घडी कोणाची पडत नसे. धाकटी रद्दी कागदांवर लोळत असायची. भाऊ दुसऱ्या पाळीला जायच्या आधी आडवा झाला होता. आईला वाचता येत नव्हतं, म्हणून प्रत्येक वेळी पहिला कागद मी मोठ्याने वाचून दाखवायचे. तिला ते फार आवडायचं. पोरीने लिहिलंय आणि साहेबांच्या नावाने छापलंय, याचं तिला कौतुक होतं, ते ती नळावरही सांगायची.

“वाच गो, काय लिवलंस ता,” ती म्हणाली.

मी वाचलं. पहिलं पान, गटाराचं काम, बसचा थांबा. दुसरं पान. कायद्याचा परिच्छेद आला तेव्हा मी मुद्दाम सावकाश, ठासून वाचला. मला तो आईला ऐकवायचाच होता. वहिनीचा हात थांबला होता आणि ती माझ्याकडे बघत होती. आईने वाटी खाली ठेवली. तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते पाहून मला वाटलं, झालं, जिंकलो.

आणि मग तळाची ओळही मी वाचली. वाचायचं नाही हे सुचलंच नाही. कागदावर आहे ते वाचायचं, एवढंच मला येत होतं.

आईने समोरची घडी हातात घेतली. मग म्हणाली, “म्हणजे अजून कायदो लागलो नाय?”

“लागेल आता. थोड्याच दिवसांत.”

“मगे कधी लागतलो?”

“तारीख सांगतील सरकारवाले.”

“म्हणजे आज नाय. उद्या नाय.” तिने वाटी उचलली आणि हातातल्या घडीवरून फिरवली. मग भावाला हाक मारली. “अरे, उठ रे. उद्या डॉक्टराकडे जावन नंबर लावन ये. मागाहून बंद होतला.”

मी म्हटलं, “आई, कौल?”

“देवाक मागाहून सांगू. देव खंय पळान जाता?”

सगळ्या आयुष्यात आईने कौलाशिवाय केलेली ती एकच गोष्ट. आणि तिला घाई मी लावली, माझ्या कागदाने, माझ्या तोंडाने. वहिनीने माझ्याकडे पाहिलं नाही. ती पुढचा कागद घेऊन घडी घालत राहिली आणि आई त्यावर वाटी फिरवत राहिली.

मी भांडले नाही असं नाही. आकांडतांडव केलं. आईला म्हटलं, मुलगी म्हणजे एवढं वाईट असतं तर मला कशाला ठेवलंस? माझा पगार ह्या घरात चालतो ना? आई चिडली नाही, हेच वाईट होतं. ती अगदी शांतपणे म्हणाली, “दोन चेडवां आसत, ती काय मी टाकलंय? पण तुझो बापूस गेलो तेव्हा झील नसतो तर माझां काय झालां असतां?” तिचं खरं होतं. वडील गेल्यावर भावानेच शिक्षण सोडून आम्हाला उभं केलं होतं. मी नोकरीला लागले ती नंतर. भाऊ म्हणाला, “तू ऑफिसातलं राजकारण घरात आणू नकोस यार.” त्याला गुरुवारची वेळ मिळाली होती.

मंगळवारी मी आमदारांना गाठलं. घरातली गोष्ट बाहेर सांगायची मला लाज वाटत होती, तरी सांगितली. ते ऐकून घेत होते तेव्हा त्यांच्या हातात आमचाच वृत्तांत होता, ताज्या घडीचा.

“साहेब, त्या डॉक्टरला एक फोन करा.”

“काय सांगू फोनवर? तो विचारेल, कायदा कुठाय? तूच लिहिलंस ना, अजून लागू नाही म्हणून.” त्यांना टोमणा मारायचा नव्हता, ते खरंच अडकले होते. डोक्याला हात लावून बसले. “मी हात वर केला, भाषण केलं, पास केला. आता सही होईपर्यंत मीसुद्धा तुझ्यासारखाच. तुझ्या भावाला पाठव माझ्याकडे, मी समजावतो.”

भावाला मी निरोप दिला. भाऊ गेला नाही. मग पोलिसांकडे जावं असं मनात आलं आणि तिथेच विरलं. जाऊन काय सांगणार होते? आज जे करताहेत तो गुन्हा नाही, पण लवकरच होईल?

गुरुवारी मी रजा घेतली. वहिनीनेच म्हटलं होतं, “तुम्ही चला.” दवाखाना घाटकोपरला होता. आग्रा रोडने बसने गेलो. आई आणि भाऊ पुढच्या सीटवर, मी आणि वहिनी मागे. विक्रोळी गेल्यावर ती खिडकीबाहेर बघतच हळू आवाजात म्हणाली, “वन्सं, आपण दोघी आधीच्याच स्टॉपला उतरलो तर?”

“कुठे जायचं?”

माहेरी तिच्या पाठच्या तीन बहिणी लग्नाच्या होत्या. बापाने तिला त्याच पावली परत आणून सोडलं असतं. माझं म्हणाल तर माझं घर म्हणजे तेच घर. मैत्रीण होती एक, दहिसरला, तिच्या सासूसकट एका खोलीत राहणारी. दोन मुली मागे घरी शेजारणीकडे ठेवलेल्या. आम्ही दोघी सज्ञान, एक तर आमदारांच्या ऑफिसातली, आणि सगळ्या मुंबईत आम्हाला चार दिवस राहायला जागा नव्हती. घाटकोपर आलं. उतरलो.

दवाखान्यातल्या बाकांवर जागा नव्हती. बायका भिंतीला टेकून उभ्या होत्या, त्यांच्या सासवा, नवरे. कागदावर नाव लिहून घेणारी बाई आईला म्हणाली, “आत्ताच आलात ते बरं केलंत. बंद होणार म्हणतात ना, म्हणून ही गर्दी.” आईने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की जणू मीच तिला वेळेवर सावध केलं होतं. वहिनीला आत बोलावलं तेव्हा तिने पायातल्या चपला काढून माझ्या हातात दिल्या. ती बाहेर येईपर्यंत मी त्या चपला धरून उभी होते.

रिपोर्ट यायला दोन आठवडे लागले. त्या दोन आठवड्यांत मी रोज ऑफिसात गेल्या गेल्या काकांना विचारत असे, आला का राजपत्रात? काका नकारार्थी मान हलवत. एकदा म्हणाले, “पोरी, सरकारचं काम आहे. ते काय तुझ्या वहिनीचे महिने मोजतंय?”

मुलगी होती.

पुढचं मी लिहिणार नाही. दोन दिवसांनी वहिनी घरी आली. आईने तिला साजूक तुपातला शिरा करून घातला, डोक्याला तेल लावलं, कपाळाला फडकं बांधलं, अगदी बाळंतिणीचं करतात तसं. आणि ते मनापासून करत होती. वहिनी निमूटपणे खात होती. मी उठून जिन्यात जाऊन बसले. त्यानंतर आठवडाही झाला नसेल, काकांनी मला टेबलाशी बोलावून सांगितलं की कायदा लागू झाला. ते चहा मागवू का म्हणाले. मी नको म्हटलं.

मे महिन्यात ठरल्याप्रमाणे गावी गेलो. आई देवळात गेली, मी बरोबर होते. गुरवाने पाकळ्या भिजवल्या आणि विचारलं, “काय विचारूचा आसा?” आई हात जोडून उभी राहिली. गुरवाने पुन्हा विचारलं. तेव्हा ती म्हणाली, “काय नाय. सगळ्यांक सुखी ठेव म्हणान सांग.” आणि कौल न घेताच मागे फिरली. त्यानंतर ती कुठल्याही गोष्टीसाठी कौल घेताना मी पाहिली नाही.

पावसाळी अधिवेशन झालं. पुन्हा वृत्तांत निघाला. ह्या वेळी आमदारांनी न सांगताच मी दुसऱ्या पानावर लिहिलं की सदर कायदा आता अमलात आलेला आहे. टाइप करताना तीन चुका झाल्या आणि तिन्ही ठिकाणी लाल औषध लावावं लागलं.

गठ्ठे घरी आणले. आई वाटी घेऊन बसली, पण ‘वाच गो’ म्हणाली नाही. मीही वाचलं नाही. सगळे घड्या घालत होतो. वहिनीने मात्र एक कागद मांडीवर घेतला आणि स्वतःशीच वाचायला लागली. ती सातवीपर्यंत शिकलेली, बोट ठेवून वाचायची. दुसऱ्या पानाच्या तळापर्यंत तिचं बोट गेलं, थांबलं, पुन्हा वर गेलं आणि पुन्हा खाली आलं.

संध्याकाळी आई नळावर गेल्यावर तिने तो कागद मला दाखवला. “वन्सं, आता हा खरा लागला ना? खाली काही राहिलं नाही ना?”

“नाही. लागला.”

“हा एक मी ठेवून घेऊ? पुन्हा दिवस राहिले तर दाखवायला होईल.”

मला म्हणायचं होतं की कागद दाखवून आमच्या घरात काही थांबत नाही. म्हणायचं होतं की दवाखाने पाटी काढतील आणि मागच्या दाराने चालूच ठेवतील, असं काका कालच सांगत होते. मी म्हटलं, “ठेव.”

तिने कागदाची नीट घडी घातली. मग काहीतरी आठवल्यासारखं करून तो परत उलगडला आणि माझ्या हातात दिला.

“ह्याच्यावर ऑफिसचा शिक्का मारून आणाल?”

दुसऱ्या दिवशी मी तो कागद ऑफिसात नेला. काका यायच्या आधी खण उघडला, शिक्का काढला आणि तिचं बोट जिथे थांबलं होतं त्या ओळीच्या खाली मारला. पुसट आला. पॅडवर शाई ओतली आणि शेजारी पुन्हा मारला, जोर लावून.